युरोपातला ज्यू वारसा आणि छळछावण्या: पाहताना काय दिसतं, काय दिसत नाही

पोलंडमधल्या क्राकोवच्या जुन्या शहरात फिरलात तर सहली विकणारे फलक पावलोपावली दिसतील. त्यातला एक हमखास असतो: एकाच दिवसात आउश्वित्झची नाझी छळछावणी आणि विएलिच्काची मिठाची खाण. सकाळी बस, दुपारी खाण, रात्री जेवायला परत हॉटेलवर. वेळेच्या हिशेबात हे सगळं बसतं. तरीही ही सहल घेऊ नका, असं मी सांगेन. भावना दुखावतात म्हणून नव्हे. आउश्वित्झमध्ये डोळ्यांना जे दिसतं, ते तिथे घडलेल्या गोष्टीचा लहानसा भाग आहे आणि उरलेला भाग समजायला आधी थोडी तयारी आणि नंतर थोडी सवड लागते. ती नसेल तर माणूस हळहळून परततो, पण चुकीचं चित्र डोक्यात घेऊन.

या प्रवासाचं गणितच उलटं आहे. जिथे संहार सर्वांत पुरता झाला, तिथे पाहण्यासारखं सर्वांत कमी उरलंय. आणि जिथे इमारती, खाटा, कुंपणं शाबूत आहेत, तिथे बऱ्याचदा मारेकऱ्यांचं काम अर्धवट राहिलेलं होतं. हे एकदा लक्षात आलं की कुठे जायचं आणि तिथे काय शोधायचं, हे ठरवणं सोपं होतं.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. आपण मराठीत सगळ्यांना सरसकट ‘छळछावणी’ म्हणतो. प्रत्यक्षात ही निदान चार वेगवेगळ्या प्रकारची ठिकाणं होती.

पहिली खरोखरच्या छळछावण्या. म्युनिकजवळची डाखाऊ ही त्यातली सुरुवातीची. ती उघडली 22 मार्च 1933 रोजी, हिटलर सत्तेवर आल्याला दोन महिनेही झाले नव्हते. सुरुवातीचे कैदी मुख्यतः राजकीय विरोधक होते: कम्युनिस्ट, समाजवादी, कामगार संघटनांची माणसं. नंतर त्यात ज्यू, रोमा (म्हणजे जिप्सी), समलैंगिक पुरुष, धर्मगुरू, युद्धकैदी अशी भर पडत गेली. उपासमार, रोगराई, मरेस्तोवर काम आणि गोळ्या यांनी तिथे हजारो माणसं मेली. पण ती जागा आलेल्या प्रत्येकाला त्याच दिवशी ठार करण्यासाठी बांधलेली नव्हती.

दुसरा प्रकार नेमका त्यासाठी बांधलेला. ही संहारकेंद्रं जर्मनांनी व्यापलेल्या पोलंडमध्ये उभी केली: खेल्मनो, बेउझेत्स, सोबिबुर, त्रेब्लिंका, आणि त्यांच्या जोडीला आउश्वित्झ-बिर्केनाऊ व मायदानेक. त्रेब्लिंकात राहण्याच्या बराकी जवळजवळ नव्हत्याच, कारण तिथे कोणी राहायला येतच नव्हतं. गाडी यायची आणि काही तासांत गाडीतली बहुतेक सगळी माणसं मेलेली असायची. जुलै 1942 पासून साधारण वर्षभरात तिथे 8 ते 9 लाख माणसं मारली गेली. बेउझेत्समध्ये साडेचार लाखांच्या आसपास, आणि तिथून वाचलेल्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी.

तिसरा प्रकार घेट्टो. शहराचा एक भाग भिंतीने किंवा कुंपणाने तोडायचा, त्यात ज्यूंना कोंबायचं आणि पुढच्या गाडीची वाट पाहायला लावायची. चौथा प्रकार सर्वांत कमी पाहिला जाणारा: जंगलं, घळी, खंदक. सोव्हिएत संघाच्या व्यापलेल्या भागात ज्यूंना गावाबाहेर नेऊन गोळ्या घातल्या गेल्या. कीव्हजवळच्या बाबी यार घळीत 29 आणि 30 सप्टेंबर 1941 या दोन दिवसांत 33,771 माणसं मारल्याची नोंद मारेकऱ्यांनीच करून ठेवली आहे. विल्नियसजवळचं पोनारी, रिगाजवळचं रुंबुला ही त्याच प्रकारची ठिकाणं. हॉलोकॉस्टमध्ये, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारात, मारल्या गेलेल्या सुमारे 60 लाख ज्यूंपैकी फार मोठा वाटा असा कुठलीही ‘छावणी’ न पाहता मेला.

आता एक प्रश्न नेहमी विचारला जातो: हे सगळं पोलंडमध्येच का? पोलिश लोकांना या प्रश्नाचा रोख खटकतो, आणि तो खटकणं रास्त आहे. ही केंद्रं जर्मन राजवटीने व्यापलेल्या पोलंडमध्ये उभारली, जर्मन अधिकाऱ्यांनी चालवली. ‘पोलिश छावण्या’ हा शब्दप्रयोग तिथे वापरू नका. युनेस्कोच्या यादीतलं आउश्वित्झचं नावही 2007 मध्ये पोलंडच्या विनंतीवरून बदललं आणि त्यात ‘जर्मन नाझी’ हे शब्द आले. पोलंड निवडण्याचं मुख्य कारण असं की युरोपातले सर्वाधिक ज्यू तिथेच राहत होते, युद्धापूर्वी सुमारे 33 लाख. त्यातले सुमारे 30 लाख मारले गेले.

आणि ते तिथे इतक्या संख्येने का होते, हे समजलं तर वारसास्थळं नीट पाहता येतात. मध्ययुगात पश्चिम युरोप ज्यूंना एकामागून एक हाकलत होता: इंग्लंडने 1290 मध्ये, फ्रान्सने चौदाव्या शतकात पुन्हा पुन्हा, स्पेनने 1492 मध्ये. त्याच काळात पोलंडचे राजे त्यांना संरक्षणाच्या सनदा देत होते. पहिली महत्त्वाची सनद 1264 ची. पुढे काझिमिएझ राजाने ती सगळ्या राज्याला लागू केली. म्हणजे पोलंड ही शतकानुशतकांची वस्ती होती. तिथे धर्मपीठं होती, छापखाने होते, राजकीय पक्ष होते, यिडिश भाषेतली वर्तमानपत्रं आणि नाटकं होती. मृत्यूची जागा पाहण्याआधी ही वस्ती पाहावी, असा माझा आग्रह आहे. नाहीतर ज्यू म्हणजे फक्त पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यातला कैदी, एवढीच ओळख राहते.

क्राकोव त्यासाठी उत्तम. तिथला काझिमिएझ हा भाग त्याच राजाने 1335 मध्ये वेगळं शहर म्हणून वसवला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस क्राकोवच्या ज्यूंना इकडे हलवलं गेलं. श्येरोका नावाचा रुंद रस्ता हा त्याचा मध्य. एका टोकाला जुनं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे, ते आता संग्रहालय झालंय. थोडं पुढे रेमू सिनेगॉग आहे, तिथे आजही प्रार्थना होते. त्याच्या मागच्या दफनभूमीत सोळाव्या शतकातले मोठे धर्मपंडित रब्बी मोशे इस्सेर्लेस यांची कबर आहे. जगभरातले ज्यू तिथे येतात, चिठ्ठ्या ठेवतात. या दफनभूमीची एक भिंत फुटक्या थडग्यांच्या तुकड्यांनी बांधलेली आहे. युद्धात मोडलेले दगड, ज्यांची जागा पुन्हा सापडली नाही ते.

कबरींवर फुलं दिसणार नाहीत, लहान लहान दगड दिसतील. कबरीवर येऊन गेल्याची खूण म्हणून दगड ठेवायचा, असा रिवाज आहे. तुम्हीही ठेवू शकता. पण दुसऱ्याने ठेवलेला दगड किंवा चिठ्ठी उचलू नका.

काझिमिएझमध्ये एक गोष्ट थोडी खटकेल. श्येरोकावर ज्यू नावांची उपाहारगृहं आहेत, संध्याकाळी क्लेझ्मर हे ज्यूंचं पारंपरिक संगीत वाजतं, मेणबत्त्या लागतात. हे बरंचसं पर्यटकांसाठी उभं केलेलं आहे आणि ‘ज्यू पद्धतीचं’ लिहिलेलं जेवण कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांना धरून केलेलं, असेलच असं नाही. युद्धाआधी शहरातला जवळपास दर चौथा माणूस ज्यू होता, आज ज्यू लोकसंख्या अगदी थोडी आहे. त्यामुळे देखावा आणि खरं जीवन यांची सरमिसळ इथे जाणवते. प्लात्स नोवी या चौकातली गोल इमारत पूर्वी कोशर कोंबड्या कापण्याची जागा होती. आज तिच्या खिडक्यांमधून झापिएकांका, म्हणजे मोठ्या पावावर चीज आणि मशरूम घालून भाजलेला पदार्थ विकतात. खा, चांगला असतो. इमारतीचा इतिहास माहीत असून खाल्ला तर बिघडत काही नाही.

विस्तुला नदीचा पूल ओलांडला की पोडगुझे. इथे अनेकांची गफलत होते: नाझींचं घेट्टो काझिमिएझमध्ये नव्हतं. मार्च 1941 मध्ये ज्यूंना त्यांच्या शतकानुशतकांच्या वस्तीतून उठवून नदीपलीकडे या भागात कोंबलं गेलं, आणि 13 व 14 मार्च 1943 रोजी ते घेट्टो रिकामं केलं गेलं. चौकात आज मोठ्या धातूच्या रिकाम्या खुर्च्या ओळीने मांडल्या आहेत. कारण घेट्टो उठवलं तेव्हा घरातलं सामान असंच चौकात पडलं होतं. त्याच चौकाच्या कोपऱ्यावर एक औषधांचं दुकान होतं. त्याचे मालक तादेउश पान्किएविच हे ज्यू नव्हते, पण त्यांनी घेट्टोत राहून दुकान चालू ठेवण्याची परवानगी मिळवली. औषधं, बातम्या, निरोप, लपायला जागा, असं सगळं तिथून होत राहिलं. आता ते छोटं संग्रहालय आहे. आपल्या कामगार ज्यूंना वाचवणारा जर्मन उद्योजक ऑस्कर शिंडलर, त्याच्या कारखान्यातलं संग्रहालयही इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. नाव ऐकून लोक तिथे शिंडलरसाठी जातात, पण आतलं प्रदर्शन मुख्यतः 1939 ते 1945 मधल्या क्राकोव शहराबद्दल आहे. ते अपेक्षेपेक्षा मोठं आहे, वेळ राखून जा.

आता आउश्वित्झ. क्राकोवच्या पश्चिमेला साधारण 65 ते 70 किलोमीटरवर ओश्विएन्चिम नावाचं गाव आहे, जर्मनांनी त्याला आउश्वित्झ म्हटलं. गावात आजही लोक राहतात, दुकानं आहेत, शाळा आहेत. युद्धापूर्वी तिथली निम्म्याहून अधिक वस्ती ज्यूंची होती. गावात एक सिनेगॉग उरलंय आणि त्याला जोडून छोटं संग्रहालय आहे. बहुतेक बसगाड्या तिथे थांबत नाहीत. स्वतः जाणार असाल तर आधी तिथे जा.

छावणीचे मुख्य दोन भाग आज पाहता येतात, आणि दोन्ही पाहायलाच हवेत. पहिला आउश्वित्झ एक: विटांच्या दुमजली इमारती, काटेरी तारा, ‘काम मुक्त करतं’ असं जर्मनमध्ये लिहिलेली ती कुप्रसिद्ध कमान. ही मुळात लष्करी वसाहत होती. जून 1940 मध्ये इथे पहिली मोठी तुकडी आली ती पोलिश राजकीय कैद्यांची. दुसरा भाग बिर्केनाऊ, तीनेक किलोमीटरवर. बांधकाम सुरू झालं ऑक्टोबर 1941 मध्ये. ज्यूंचा संहार मुख्यतः इथे झाला. मध्ये मोफत बस धावते.

आकडे असे. आउश्वित्झला सुमारे 13 लाख माणसं आणली गेली, त्यातली सुमारे 11 लाख मारली गेली. त्यात सुमारे 10 लाख ज्यू, 70 हजारांहून अधिक पोलिश, सुमारे 21 हजार रोमा आणि सुमारे 15 हजार सोव्हिएत युद्धकैदी. 1944 च्या मे ते जुलै या काळात एकट्या हंगेरीतून चार लाखांहून अधिक ज्यू आणले गेले.

पण आकड्यांपेक्षा एक गोष्ट इथे नीट समजून घ्यायला हवी, कारण पाहणाऱ्यांचा सर्वांत मोठा गोंधळ तिथेच होतो. आणल्या गेलेल्या माणसांपैकी कैदी म्हणून नोंद झाली ती सुमारे 4 लाखांची. हातावर गोंदलेले आकडे, पट्ट्यांचे कपडे, तिमजली फळ्यांच्या खाटा हे सगळं या नोंद झालेल्यांचं आयुष्य. बाकीच्यांना, म्हणजे म्हातारे, लहान मुलं, मुलांच्या आया, आजारी, यांना गाडीतून उतरल्यावर फलाटावरच एका बाजूला काढलं जाई आणि तिथून थेट विषारी वायूच्या खोल्यांकडे. त्यांना ना क्रमांक मिळाला, ना खाट. म्हणजे बराकी पाहताना तुम्ही ज्यांची जागा पाहता, ते त्या दिवशी वाचलेले लोक होते. आउश्वित्झ एकच्या बोळांमध्ये कैद्यांचे ओळीने लावलेले फोटोही बहुतांशी पोलिश कैद्यांचे आहेत. आल्या आल्या मारल्या गेलेल्यांचे असे नोंदणीचे फोटो काढलेच जात नसत.

त्या लोकांचं उरलंय ते सामान. काचेमागे चपला-बूट, चष्मे, भांडी, कृत्रिम पाय, आणि नावपत्ता लिहिलेल्या सुटकेसा. भांड्यांपाशी जरा थांबा. दुसऱ्या गावी संसार मांडायचाय असं सांगूनच लोकांना गाडीत बसवलं होतं, म्हणून त्यांनी पातेली बरोबर घेतली. एका खोलीत बायकांचे कापलेले केस आहेत, सुमारे 2 टन. त्या खोलीत फोटो काढायला मनाई आहे. अकरा क्रमांकाच्या इमारतीच्या तळघरातही मनाई आहे.

आउश्वित्झ एकमध्ये शेवटी एक वायूखोली आणि दहनभट्टी दाखवतात. ही मूळ जागा आहे, पण मधल्या काळात जर्मनांनी तिचा हवाई हल्ल्यापासून बचावाचा आसरा केला होता आणि युद्धानंतर संग्रहालयाने तिची काही अंशी पुनर्रचना केली. हे माहीत असावं, कारण संहार नाकारणारे लोक नेमक्या अशा तपशिलावर बोट ठेवून ‘हे सगळं बनावट’ म्हणतात. बनावट काही नाही. मोठ्या वायूखोल्या बिर्केनाऊमध्ये होत्या, त्या जर्मनांनी जानेवारी 1945 मध्ये पळून जाताना सुरुंगाने उडवल्या. एक त्याआधीच, 7 ऑक्टोबर 1944 रोजी, तिथे राबवल्या जाणाऱ्या ज्यू कैद्यांनी उठाव करून निकामी केली होती. आज तिथे कोसळलेल्या सिमेंटचे ढीग आहेत. 27 जानेवारी 1945 रोजी सोव्हिएत सैनिक पोचले तेव्हा छावणीत सुमारे 7 हजार कैदी उरले होते.

बिर्केनाऊ आकाराने प्रचंड आहे. लाकडी बराकींपैकी बहुतेक नाहीशा झाल्या, त्यांच्या विटांच्या चिमण्या तेवढ्या रांगेने उभ्या आहेत. सावली नाही, आडोसा नाही. उन्हाळ्यात टोपी आणि पाणी, हिवाळ्यात खरोखरचे गरम कपडे आणि बूट. गाइडसह दोन्ही भागांचा फेरा साडेतीन तासांचा असतो. माझ्या मते फेरा संपल्यावर बिर्केनाऊमध्ये आणखी तासभर एकट्याने चाला, अगदी मागच्या टोकापर्यंत. गटाबरोबर असताना पुढच्या माणसाच्या पाठीपलीकडे फारसं काही दिसत नाही.

व्यवहाराच्या गोष्टी. प्रवेश मोफत आहे, पण वेळ संकेतस्थळावर आधी नोंदवावी लागते. गाइडसह फेऱ्याला पैसे पडतात आणि तो घेणं योग्य, कारण फलकांवर फार थोडं लिहिलंय. उन्हाळ्यात नोंदणी आठवडे आधी संपते. तिकिटावर नाव असतं, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. मोठी बॅग आत नेता येत नाही. मराठी मंडळी पाठीवर सगळं बिऱ्हाड घेऊन फिरतात, ते हॉटेलवर ठेवलेलं बरं. चौदा वर्षांखालच्या मुलांना आणू नये, असं संग्रहालय सुचवतं. सक्ती नाही. तरी आठ वर्षांच्या मुलाला तिथे नेण्यात त्याचं शिक्षण होतं, असं मला वाटत नाही.

ज्यांच्याकडे दोन दिवस जास्त आहेत त्यांनी वॉर्सा करावं. तिथे चार लाखांहून अधिक ज्यूंना कोंबलेलं घेट्टो होतं. 1943 च्या एप्रिलमध्ये उठाव झाला आणि मग जर्मनांनी तो भाग जमीनदोस्त केला. त्यामुळे पाहायला भिंतीचे तुकडे आणि जमिनीवर आखलेली सीमारेषा एवढंच. पण त्याच जागी पोलिन नावाचं संग्रहालय आहे, आणि पोलंडमधल्या ज्यूंच्या हजार वर्षांच्या जगण्याबद्दल याहून चांगलं एका छताखाली कुठे मिळणार नाही. संहार हा त्यातला एक भाग आहे, सगळं प्रदर्शन नव्हे. दुसरी जागा ज्यू इतिहास संस्था. इमानुएल रिंगेलब्लुम नावाच्या इतिहासकाराने घेट्टोत गुपचूप एक मंडळ जमवलं होतं. रेशनकार्डं, मुलांचे निबंध, पत्रकं, डायऱ्या, चॉकलेटचे कागद असं जे मिळेल ते त्यांनी गोळा केलं आणि पत्र्याच्या पेट्यांत व दुधाच्या कॅनमध्ये पुरलं. 1946 आणि 1950 मध्ये त्यातले दोन साठे सापडले, तिसरा अजून सापडलेला नाही. त्यातला एक कॅन तिथे पाहायला मिळतो.

वॉर्सापासून त्रेब्लिंका शंभरेक किलोमीटरवर. सुरुवातीला म्हटलेलं उलटं गणित इथे पूर्ण होतं. जर्मनांनी 1943 मध्येच सगळं पाडलं, जमीन नांगरली, वर शेत आणि घर उभं केलं. आज पाइनच्या झाडांमध्ये एक मोकळी जागा आहे आणि तिच्यावर 17 हजार ओबडधोबड दगड रोवले आहेत, काहींवर उद्ध्वस्त झालेल्या वस्त्यांची नावं. बस्स. सार्वजनिक वाहनाने जाणं अवघड आहे, गाडी करावी लागते. आधी वाचून गेलात तरच तिथे जाण्यात अर्थ आहे.

प्राग आपल्याकडून जाणाऱ्यांच्या यादीत हल्ली असतंच. तिथल्या योसेफोव भागातलं जुनं-नवं सिनेगॉग तेराव्या शतकातलं आहे आणि आजही वापरात आहे. जवळची जुनी दफनभूमी पाहताना थडगी एकमेकांवर रेललेली दिसतात. ज्यू धर्मनियमांनुसार कबर उकरता येत नाही आणि वस्तीला जास्त जमीन मिळत नव्हती. मग वर माती टाकून दुसरा थर, त्यावर तिसरा, असं करत काही ठिकाणी बारा थर झाले. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर बोहेमिया आणि मोराव्हियातल्या, म्हणजे आजच्या चेकियातल्या, सुमारे 78 हजार मृत ज्यूंची नावं हाताने लिहिलेली आहेत. वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या घेट्टोतल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत. चित्रकला शिक्षिका फ्रीडल डिकर-ब्रांडाइस यांनी आउश्वित्झला जाण्याआधी हजारो चित्रं दोन सुटकेसांत भरून मागे ठेवली होती. त्या परत आल्या नाहीत.

तेरेझीन प्रागपासून साठेक किलोमीटरवर, बसने जाता येतं. तिथे प्रवासी फसतात, कारण गाव दिसायला सुंदर आहे. अठराव्या शतकातलं तटबंदीचं गाव, सरळ रस्ते, झाडं. 23 जून 1944 रोजी रेड क्रॉसचे प्रतिनिधीही असेच फसले. त्यांच्या भेटीआधी नाझींनी घरं रंगवली, दुकानं मांडली, गर्दी कमी दिसावी म्हणून हजारोंना आउश्वित्झला पाठवून दिलं.

प्रागच्या निमित्ताने एक आपल्या जवळची गोष्ट. आकाशवाणीची सकाळची ती ओळखीची धून ज्यांच्या नावावर आहे ते वॉल्टर कॉफमन बोहेमियातले ज्यू संगीतकार. प्रागमध्ये शिकलेले, आणि 1934 मध्ये मुंबईत आलेले. इतर हजारोंना असं कुठलं बंदर मिळालं नाही.

जर्मनीत पाहण्याची रीत वेगळी. तिथे मारल्या गेलेल्यांच्या जागांपेक्षा निर्णय घेणाऱ्यांच्या जागा जास्त आहेत. बर्लिनच्या वान्झे तलावाकाठच्या बंगल्यात 20 जानेवारी 1942 रोजी पंधरा अधिकारी बसले आणि संहाराचं प्रशासन कोणी कसं सांभाळायचं यावर चर्चा झाली. बैठक दीडेक तासात उरकली. हत्याकांड तेव्हा आधीच सुरू झालेलं होतं, तिथे झाली ती खात्यांची वाटणी. ब्रांडेनबुर्ग दरवाजाजवळचं 2,711 काँक्रीटच्या चौथऱ्यांचं स्मारक सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या खाली जमिनीत माहिती केंद्र आहे, ते बहुतेक जण चुकवतात. वरच्या चौथऱ्यांवर चढून फोटो काढण्याची हौस मात्र अनेकांना येते. तो टाळा.

फुटपाथवर दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन दिसले तर वाकून वाचा. इथे अमुक राहत होती, जन्म कधी, कुठे नेली, कुठे मारली. गुंटर डेमनिग या कलाकाराने 1990 च्या दशकात सुरू केलेल्या या कामात युरोपभर एक लाखाहून अधिक दगड बसले आहेत. म्युनिकमध्ये सार्वजनिक रस्त्यावर ते दिसणार नाहीत. नावं पायदळी तुडवली जातात, असा तिथल्या ज्यू समाजाच्या नेतृत्वाचा आक्षेप होता, म्हणून शहराने भिंतीवरच्या पाट्यांचा मार्ग निवडला.

आता आपल्यासाठी दोन अवघड मुद्दे. एक, स्वस्तिक. आपल्याकडे ते उंबऱ्यावर, चोपडीवर, नव्या गाडीवर असतं. जर्मनीत नाझी चिन्हं मिरवणं गुन्हा आहे. तो कायदा आपल्या पूजेतल्या स्वस्तिकासाठी नाही, हे खरं. पण तुमच्या शेजारी उभी असलेली बाई आजीचं नाव भिंतीवर शोधत असेल, तर तिला उजवं-डावं समजावून सांगण्याची ती वेळ नव्हे. गळ्यातलं पदक शर्टाच्या आत ठेवा, तसला टी-शर्ट हॉटेलवर राहू द्या. दोन, हिटलर. कडक हेडमास्तरांना आपण सहज हिटलर म्हणतो, आपल्या पुस्तकांच्या ठेल्यांवर त्याचं आत्मचरित्र राजरोस मिळतं, आणि ‘काही म्हणा, शिस्त होती’ हे वाक्य गप्पांत सहज येतं. ते मराठीत असलं तरी तिथे बोलू नका. ती ‘शिस्त’ म्हणजे काय, हे बिर्केनाऊच्या फलाटावर उभं राहिलं की दिसतं.

सिनेगॉगमध्ये जाताना पुरुषांनी डोकं झाकायचं, टोपी दारात मिळते. अनेक ठिकाणी बॅगा तपासतात, पासपोर्ट मागतात, त्याचा राग मानू नका. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवार संपेपर्यंत आणि सणांना ज्यू स्थळं सहसा बंद असतात. कोकणात तेल गाळणाऱ्या बेने इस्राएली ज्यूंना ‘शनिवार तेली’ म्हणत, ते त्याच शनिवारच्या सुट्टीवरून. छावण्यांच्या स्मारकांना हा नियम नसतो, म्हणून शनिवार त्यांच्यासाठी ठेवता येतो.

पोलंड यादीत नसलं आणि तुम्ही नेहमीच्या पॅरिस-स्विस-इटली सहलीवर असाल, तरी वाटेत बरंच आहे. पॅरिसच्या मारे भागातलं शोआ (हॉलोकॉस्टचंच हिब्रू नाव) स्मारक मोफत आहे, भिंतीवर फ्रान्समधून नेलेल्या सुमारे 76 हजार ज्यूंची नावं आहेत. ॲमस्टरडॅमला ॲन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात, दर मंगळवारी पुढच्या सहा आठवड्यांनंतरची खुली होतात, आणि लगेच संपतात. ती हुकली तर 1675 चं पोर्तुगीज सिनेगॉग पाहा, आत आजही वीज नाही, मेणबत्त्या लागतात. म्युनिकहून डाखाऊला लोकल आणि बसने अर्ध्या दिवसात जाऊन येता येतं. व्हेनिसला 1516 चं घेट्टो रेल्वे स्टेशनपासून चालत आहे. जागा कमी, माणसं जास्त, म्हणून तिथल्या इमारती बाकी शहरापेक्षा उंच गेल्या.

आणि रोम. तिथली ज्यू वस्ती दोन हजार वर्षांहून जुनी. पोपने 1555 मध्ये त्यांना नदीकाठच्या घेट्टोत कोंडलं. 16 ऑक्टोबर 1943 च्या पहाटे तिथून आणि शहरातून धरून आउश्वित्झला नेलेल्या हजाराहून अधिक माणसांपैकी 16 परतली. पण वस्ती टिकली. गल्लीत आज शाळा आहे, कोशर बेकरी आहे, बाकावर गप्पा मारणारे म्हातारे आहेत. उपाहारगृहांत ज्यू पद्धतीचा तळलेला आर्टिचोक मिळतो, अख्खा, पाकळ्या फुलवून कुरकुरीत केलेला. शाकाहारी मंडळींची तिथे चांगली सोय होते. हंगाम हिवाळ्यापासून वसंतापर्यंतचा, आणि शुक्रवारी संध्याकाळी गेलात तर कोशर उपाहारगृहं बंद मिळतील.